व्हिडिओ थांबतो तेव्हा

मार्च २०१२मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीने आपला एक नावाजलेला आणि अवघड अभ्यासक्रम साऱ्या जगाला फुकट खुला केला. विषय होता विद्युत मंडलं आणि इलेक्ट्रॉनिक्स. शिकवणाऱ्या चमूचे प्रमुख होते अनंत अगरवाल, मंगळूरला वाढलेले आणि आयआयटी मद्रासमध्ये शिकलेले. १,५४,७६३ जणांनी नावं नोंदवली. शेवटी प्रमाणपत्र मिळालं ७,१५७ जणांना. मग ज्याला जो आकडा सोयीचा, तो त्याने उचलला. कोणी म्हणालं, आता विद्यापीठांचे दिवस भरले. कोणी म्हणालं, शंभरातले पंचाण्णव गळाले, म्हणजे हा सगळा खटाटोप वायाच गेला.

संशोधकांचं लक्ष तिसऱ्याच आकड्यावर होतं. या एका कोर्समध्ये संगणकाने सुमारे २३ कोटी नोंदी टिपून ठेवल्या होत्या. अशी नोंद दिसायला अगदी रुक्ष असते. अमुक क्रमांकाच्या विद्यार्थ्याने अमुक व्हिडिओ रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी सुरू केला, चौथ्या मिनिटाला थांबवला, वीस सेकंद मागे नेला, पुन्हा चालवला, मग पाठ्यपुस्तकाचं एक पान उघडलं, गणिताचं उत्तर लिहिलं, ते चुकलं, दुसरं लिहिलं. वर्गात शिकवणाऱ्या माणसाला समोरचे चेहरे दिसतात, पण मागच्या बाकावरची मुलगी नेमकी कोणत्या वाक्यापाशी अडली हे त्याला कधी कळत नाही. इथे चेहरा दिसत नाही. अडण्याची जागा मात्र सेकंदासकट दिसते.

त्या नोंदी चाळताना काही गोष्टी पुढे आल्या. घरचा अभ्यास करताना विद्यार्थी सर्वांत जास्त वेळा चर्चेच्या पानावर जात होते. परीक्षा आली की चर्चा मागे पडे आणि ते स्वतः आधी सोडवलेली गणितं उघडून बसत. मला सर्वांत बोलकी वाटली ती सर्वेक्षणातून मिळालेली माहिती. ज्यांनी एखाद्या सोबत्याबरोबर किंवा विषय जाणणाऱ्या माणसाबरोबर, पडद्याबाहेर, प्रत्यक्ष बसून अभ्यास केला होता, त्यांना एकट्याने शिकणाऱ्यांपेक्षा सरासरी जवळजवळ तीन गुण जास्त मिळण्याचा अंदाज निघाला. जगभर पसरलेल्या त्या कोर्समध्येही शेजारी बसून समजावून सांगणारा माणूस कामी येत होता.

ऑनलाइन कोर्स उभा करताना असे शेकडो बारीक निर्णय घ्यावे लागतात. व्हिडिओ किती मिनिटांचा? प्रश्न आधी की नंतर? चुकीच्या उत्तरावर नुसतं ‘चूक’ म्हणायचं की कुठे चुकलं ते सांगायचं? चर्चेला गुण द्यायचे का? या निर्णयांच्या शास्त्राला इन्स्ट्रक्शनल डिझाइन म्हणतात. आपण इथे सोयीसाठी पाठाची बांधणी म्हणू. यातला प्रत्येक निर्णय तपासून पाहता येतो, आणि गेल्या काही वर्षांत संशोधकांनी तो खरोखर तपासला आहे. त्यातून वारंवार एकच गोष्ट समोर आली: विद्यार्थ्याला काय दाखवलं यापेक्षा त्याच्याकडून काय करून घेतलं यावर शिकणं जास्त अवलंबून असतं.

किराणा आणि ट्रक

हे कळायला वेळ लागला, कारण बरीच वर्षं संशोधक दुसऱ्याच प्रश्नात अडकले होते. वर्ग चांगला की रेडिओ? वर्ग चांगला की टीव्ही? वर्ग चांगला की संगणक? दर नव्या यंत्राबरोबर ही शर्यत नव्याने लावली जाई. १९८३ साली अमेरिकन संशोधक रिचर्ड क्लार्क यांनी या शर्यतीतली हवाच काढून घेतली. त्यांचं म्हणणं असं, की माध्यम म्हणजे किराणा घरपोच आणणारा ट्रक. घरातल्या माणसांचं पोषण किराण्यात काय आहे त्यावर ठरतं, ट्रकवर नाही. एखाद्या प्रयोगात व्हिडिओवर शिकणारी मुलं पुढे गेली, तर आधी हे पाहावं की त्यांच्या धड्याची तयारी जास्त काळजीपूर्वक झाली होती का, त्यांना सराव जास्त मिळाला होता का. रॉबर्ट कोझमा यांनी यावर हरकत घेतली. काही गोष्टी विशिष्ट माध्यमातच शक्य होतात, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरंही आहे. पण क्लार्क यांचा मूळ मुद्दा टिकला. १९९९ साली थॉमस रसेल यांनी अशा तुलनांची ३५५ संशोधनं एका पुस्तकात गोळा केली. बहुतेकांचा निष्कर्ष एकच होता: लक्षणीय फरक नाही.

पुढे अमेरिकेच्या शिक्षण खात्याने २००९ साली हजाराहून जास्त संशोधनं चाळून, त्यातली काटेकोर तेवढी निवडून एक मोठा अहवाल काढला. ऑनलाइन शिकणारे किंचित पुढे दिसले. ऑनलाइन आणि प्रत्यक्ष यांची सांगड घातलेल्या वर्गांत ही आघाडी जास्त ठळक होती. अहवालकर्त्यांनी लगेच बजावलं, की या विद्यार्थ्यांना अनेकदा जास्त वेळ आणि जास्त साहित्यही मिळालं होतं. म्हणजे पुन्हा किराणाच.

आपल्याकडे या विषयावर बोलताना २०२०ची आठवण निघतेच. टाळेबंदीत मुलं फोनसमोर बसली, मास्तर पलीकडून फळा दाखवत राहिले, आवाज तुटत राहिला, आणि ‘ऑनलाइन शिक्षण म्हणजे हे’ असा ग्रह घराघरांत पक्का झाला. त्याच वर्षी मार्चमध्ये काही अमेरिकी अभ्यासकांनी एका लेखात बजावून सांगितलं, की याला आणीबाणीतलं दूरशिक्षण म्हणा, ऑनलाइन शिक्षण म्हणू नका. पूर्णपणे ऑनलाइन चालणारा विद्यापीठीय कोर्स सुरू होण्याआधी साधारण सहा ते नऊ महिने तयारी लागते, असा हिशेब त्यांनी दिला होता. आपल्या शिक्षकांना तेव्हा काही दिवससुद्धा मिळाले नाहीत. त्यांनी जे निभावलं त्याला दाद द्यावी तेवढी थोडी. पण त्यावरून एका शास्त्राचा निकाल लावणं अन्यायाचं आहे.

आणि हे शास्त्र इंटरनेटहून जुनं आहे. ब्रिटनचं मुक्त विद्यापीठ १९६९ साली स्थापन झालं आणि १९७१मध्ये तिथे शिकवणं सुरू झालं. तिथली महत्त्वाची कल्पना अशी, की कोर्स एकट्या प्राध्यापकाने लिहायचा नाही. विषयतज्ज्ञ, संपादक, शिक्षणशास्त्र जाणणारे, बीबीसीचे निर्माते असा सगळा चमू एकत्र बसे, एकमेकांचे मसुदे फाडून पुन्हा लिही. महाराष्ट्रात १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झालं. राम ताकवले पहिले कुलगुरू. तिथल्या पुस्तकांची घडण ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे लगेच उमजेल: घटकाच्या सुरुवातीला उद्दिष्टं, मग छोटे छोटे उपघटक, मध्येच स्वतःला तपासायचे प्रश्न. समोर शिक्षक नाही हे गृहीत धरून लिहिलेलं पुस्तक. ऑनलाइन कोर्सचा हा सख्खा पूर्वज आहे, आणि कोर्स बनवणाऱ्यांनी कॅमेरा लावण्याआधी त्याच्याकडे एकदा पाहायला हवं.

सहा मिनिटांचा आकडा

आता त्या व्हिडिओकडे. एमआयटी आणि हार्वर्ड यांनी मिळून काढलेल्या एडएक्स या व्यासपीठावरच्या चार कोर्सची माहिती घेऊन फिलिप गुओ, जुहो किम आणि रॉब रुबिन यांनी २०१४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. ८६२ व्हिडिओ, ते पाहण्याच्या ६९ लाख खेपा. प्रत्येक खेपेत विद्यार्थी किती वेळ टिकला आणि व्हिडिओनंतरचा प्रश्न त्याने सोडवायला घेतला की नाही, हे त्यांनी मोजलं.

व्हिडिओ कितीही लांब असो, विद्यार्थी मध्यकाच्या हिशेबाने फार तर सहा मिनिटं टिकतात, असं निघालं. नुसत्या स्लाइड दाखवण्यापेक्षा अधूनमधून शिक्षकाचा चेहरा दिसला तर लोक जास्त थांबतात. छापील स्लाइडपेक्षा हाताने लिहीत, आकृती काढत समजावणं जास्त धरून ठेवतं. कार्यालयातल्या टेबलाशी बसून आपुलकीने बोललेला धडा महागड्या स्टुडिओतल्या चित्रणाला भारी पडू शकतो. आणि वर्गातलं तासाचं व्याख्यान चित्रित करून त्याचे तुकडे केले तरी त्यात जीव येत नाही, कारण ते मुळात तुकड्यांत विचार करून रचलेलं नसतं.

हा अभ्यास गाजला आणि पाहता पाहता त्याचा नियम झाला. ‘व्हिडिओ सहा मिनिटांचाच हवा’ असं कोर्स बनवणाऱ्यांना दटावून सांगितलं जाऊ लागलं. इथे थोडं थांबायला हवं. या अभ्यासात कोणी चिठ्ठ्या टाकून अर्ध्या विद्यार्थ्यांना लांब आणि अर्ध्यांना आखूड व्हिडिओ दिले नव्हते. जे होतं ते फक्त पाहिलं होतं. आखूड व्हिडिओ बहुधा जास्त तयारीने बनवलेले असतात, हे संशोधकांनी स्वतःच नोंदवलं आहे. आणि यात मोजलं गेलं ते टिकून राहणं. शिकणं मोजलंच नव्हतं. एखादा माणूस बारा मिनिटांच्या व्हिडिओतली त्याला अडलेली तीन मिनिटं पाहून समाधानाने उठला, तर या मोजमापात तो मध्येच सोडून गेलेला दिसतो.

किम आणि सहकाऱ्यांनी त्याच व्हिडिओंचा आणखी जवळून केलेला अभ्यास मला त्यामुळे जास्त उपयोगी वाटतो. त्यांनी प्रत्येक सेकंदाला किती लोक थांबतात, मागे जातात, पुन्हा पाहतात याचे आलेख काढले. आलेखात मध्येच सुळके उभे राहिलेले दिसतात. हे सुळके कुठे येतात ते तपासलं, तर त्यातल्या निम्म्याहून जास्त ठिकाणी पडद्यावरचं दृश्य नुकतंच बदललेलं असे. शिक्षक समीकरणाची स्लाइड दाखवतो, त्यावर बोलतो, आणि कॅमेरा त्याच्या चेहऱ्याकडे वळतो. विद्यार्थ्याला मात्र ती स्लाइड अजून हवी असते. त्याचं लिहून व्हायचं असतं, किंवा वरच्या ओळीतलं चिन्ह खालच्या ओळीत कसं आलं हे त्याला पाहायचं असतं. मग शेकडो मुलं एकाच सेकंदाला मागे जातात. अशा सुळक्यापाशी काय करायचं ते उघड आहे: स्लाइड आणखी थोडा वेळ राहू द्या. हा निर्णय कोणत्याही मोठ्या सिद्धांताविना घेता येतो, फक्त आलेख उघडून पाहायला हवा. कितीतरी कोर्समध्ये तो आलेख तयार असतो आणि कोणी उघडत नाही.

बघणारे आणि करणारे

बघणं आणि शिकणं यांतलं अंतर मोजणारा एक सुरेख प्रयोग २०१३ साली हार्वर्डच्या कार्ल श्पुनार, नोव्हल खान आणि डॅनियल शॅक्टर यांनी केला. संख्याशास्त्राचं २१ मिनिटांचं एक रेकॉर्ड केलेलं व्याख्यान घेतलं आणि त्याचे चार भाग केले. प्रत्येक भागानंतर विद्यार्थ्यांच्या एका गटाला त्या भागावर छोटी चाचणी दिली. दुसऱ्या गटाला तेच मुद्दे उत्तरासकट पुन्हा वाचायला दिले. तिसऱ्याला विषयाशी संबंध नसलेली साधी गणितं. मधूनमधून सगळ्यांना विचारलं, आत्ता मन व्याख्यानात आहे की भटकतंय?

ज्यांना चाचणी मिळाली त्यांचं मन इतरांच्या निम्म्यानेच भटकलं. त्यांनी टिपणं जवळजवळ तिप्पट घेतली. शेवटच्या परीक्षेत ते पुढे होते, आणि त्या परीक्षेची धास्तीही त्यांना कमी वाटली. ध्यानात घ्या, दुसऱ्या गटाने तेवढाच मजकूर पुन्हा वाचला होता. मजकूर तोच, पण आठवून लिहिण्याचे कष्ट एकाच गटाच्या वाट्याला आले होते. चाचणी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गुणपत्रिका येते. इथे चाचणीने गुण द्यायचे नव्हतेच. तिने लक्ष जागेवर आणलं आणि जे ऐकलं ते पक्कं केलं.

प्रयोगशाळेतल्या या निष्कर्षाला खऱ्या कोर्समधून दुजोरा मिळाला तो २०१५ साली. कार्नेगी मेलन विद्यापीठाचे केनेथ कोडिंगर आणि सहकारी जॉर्जिया टेकच्या मानसशास्त्राच्या एका खुल्या ऑनलाइन कोर्सकडे वळले. या कोर्समध्ये व्हिडिओ होते, वाचायची पानं होती, आणि सोडवायला लावणारे, चुकल्यावर लगेच सांगणारे सरावही होते. कोणी बघत गेलं, कोणी वाचत गेलं, कोणी करत गेलं. हिशेब मांडल्यावर दिसलं, की जास्तीच्या करण्याचा फायदा जास्तीच्या बघण्या-वाचण्याच्या सहापटीहून अधिक होता.

वाचकाच्या मनात इथे एक रास्त शंका येईल. जो विद्यार्थी सराव करतो तो मुळातच मेहनती असेल. त्याला गुण जास्त मिळाले यात सरावाचं श्रेय काय? संशोधकांनाही हाच प्रश्न पडला, आणि त्यांनी काढलेली वाट मला फार आवडते. त्यांनी एकाच विद्यार्थ्याचे वेगवेगळे घटक वेगळे केले. समजा एका मुलीने स्मृतीच्या घटकात भरपूर सराव केला आणि भावनांच्या घटकात फारसा केला नाही. तिचा मेहनती स्वभाव तर दोन्ही घटकांत तोच. मग तिचे गुण स्मृतीच्या घटकातच का वाढावेत? गुण त्याच घटकात वाढलेले दिसले, तर ते श्रेय स्वभावाला देता येत नाही. त्यांच्या पुढच्या, २०१६च्या अभ्यासात हीच तपासणी केली आणि सरावाचा परिणाम तिच्यातूनही टिकून राहिला.

त्याच कार्नेगी मेलनच्या मुक्त अध्ययन प्रकल्पाने त्याआधीच संख्याशास्त्राचा एक कोर्स बांधला होता. विद्यार्थी घरी संगणकावर पायरीपायरीने प्रश्न सोडवत. कुठे किती जण अडले याचा अहवाल शिक्षकाकडे वर्गाआधी पोचे, आणि वर्गातला वेळ तेवढ्याच अडचणींवर खर्च होई. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निकालात या रीतीने शिकलेल्यांनी निम्म्या सत्रात नेहमीच्या वर्गाइतकं किंवा त्याहून चांगलं शिकून दाखवलं. त्या विद्यापीठाची मुलं हुशार, म्हणून तिथे जमलं, असं कोणीही म्हणेल. त्यामुळे विल्यम बोवेन आणि सहकाऱ्यांनी सहा सार्वजनिक विद्यापीठांच्या आवारांत ६०५ विद्यार्थ्यांना चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागलं. एका गटाला नेहमीचा वर्ग, दुसऱ्याला हाच ऑनलाइन कोर्स आणि आठवड्याला तासभर शिक्षकाची भेट. २०१२च्या निकालात दोन्ही गट बरोबरीत राहिले. बरोबरी हा शब्द बातमीसाठी फिका असेल, पण प्रत्यक्ष भेटीचा वेळ एवढा कमी करूनही मुलांचं नुकसान झालं नाही, ही माझ्या मते मोठी गोष्ट आहे.

पण कोणासाठी?

याच सुमारास कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे स्टेट विद्यापीठात दोन प्रयोग झाले. २०१२च्या उत्तरार्धात त्यांनी एमआयटीच्या त्याच इलेक्ट्रॉनिक्स कोर्सचे व्हिडिओ घेतले. मुलं ते घरी पाहून येत आणि वर्गात शिक्षकासमोर गटागटाने गणितं सोडवत. आधीच्या वर्गांत साधारण साठ टक्के मुलं उत्तीर्ण होत. या वर्गात एक्याण्णव टक्के झाली. पुढच्याच सत्रात, २०१३च्या सुरुवातीला, विद्यापीठाने युडॅसिटी कंपनीबरोबर तीन कोर्स पूर्णपणे ऑनलाइन चालवले. त्यांत शाळेतलं गणित कच्चं राहिलेल्यांसाठीचा कोर्सही होता. तिथे बहुसंख्य विद्यार्थी नापास झाले आणि प्रयोग काही काळ थांबवावा लागला.

दोन्हीकडे व्हिडिओ चांगले होते. फरक विद्यार्थ्यांत होता आणि आधारात होता. पहिल्या प्रयोगातली मुलं अभियांत्रिकीची, रोज वर्गात येणारी, आणि अवघड गणित सोडवताना शिक्षक हाकेच्या अंतरावर. दुसऱ्या प्रयोगात ज्यांना आधाराची सर्वांत जास्त गरज, त्यांनाच एकटं सोडलं गेलं होतं. डी शू आणि शॅना जॅगर्स यांनी वॉशिंग्टन राज्यातल्या सामुदायिक महाविद्यालयांतल्या हजारो विद्यार्थ्यांची माहिती तपासली तेव्हा हेच व्यापक प्रमाणावर दिसलं. वर्गातून ऑनलाइनकडे गेल्यावर गुण साऱ्यांचेच घसरले, पण आधीपासून मागे असलेल्यांचे, वयाने लहान असलेल्यांचे आणि कृष्णवर्णीयांचे जास्त घसरले. ज्यांच्यापर्यंत शिक्षण पोचावं म्हणून हे माध्यम वापरायचं, त्यांनाच ते सर्वांत महाग पडतं. या क्षेत्रातली ही सर्वांत गंभीर अडचण आहे, आणि कोर्सच्या जाहिरातींत ती कुठेच नसते.

मग त्यावर उपाय? विद्यार्थ्याचं मन थोडं सावरलं तर फरक पडेल, अशी एक आशा होती. कोर्सच्या सुरुवातीला पाच-दहा मिनिटांचं छोटं लेखन करून घ्यायचं. अभ्यास कधी, कुठे करणार ते लिहा, किंवा हा कोर्स आपल्या आयुष्यातल्या कोणत्या मोलाच्या गोष्टीशी जोडलेला आहे ते लिहा. २०१७ साली रेने किझिल्सेक आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये दाखवलं, की अशा लेखनाने गरीब देशांतले विद्यार्थी श्रीमंत देशांतल्यांच्या बरोबरीला येऊ शकतात. बातमी आनंदाची होती. पण याच मंडळींनी तेवढ्यावर न थांबता हार्वर्ड, एमआयटी आणि स्टॅनफर्डच्या सुमारे अडीचशे कोर्समध्ये, अडीच वर्षं, अडीच लाखांवर विद्यार्थ्यांवर तेच पुन्हा तपासलं. २०२०चा निकाल असा: वेळापत्रक लिहून घेतल्याने पहिले काही आठवडे लोक जास्त टिकतात, कोर्स पूर्ण करण्यात फारसा फरक पडत नाही. मोलाच्या गोष्टी लिहिण्याचा फायदा काही कोर्समध्ये होतो, काहींत होत नाही, आणि कुठे होईल हे आधी सांगता येत नाही.

स्वतःचाच गाजलेला निष्कर्ष स्वतः एवढ्या मोठ्या चाळणीतून काढणं आणि जे उरलं ते मोकळेपणाने छापणं याला धाडस लागतं. मला हा या क्षेत्रातला सर्वांत मोलाचा अभ्यास वाटतो. एका जागी लागू पडलेली बांधणी दुसऱ्या जागी लागू पडेलच असं नाही, हे त्याने आकड्यांत मांडून दाखवलं. म्हणजे प्रत्येक जागी, आपल्या विद्यार्थ्यांवर, पुन्हा तपासून पाहण्याला पर्याय नाही.

पवईतली बांधणी

आपल्या विद्यार्थ्यांचं काय? आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून २००३ साली एनपीटीईएल हा उपक्रम सुरू केला. सुरुवातीला ती मुख्यतः तासातासाची चित्रित व्याख्यानं होती. २०१४पासून त्यांचे प्रमाणपत्राचे कोर्स आले: आठवड्याचे स्वाध्याय, ठरलेली मुदत, आणि शेवटी केंद्रावर जाऊन, पर्यवेक्षकासमोर द्यायची परीक्षा. जुलै २०१७मध्ये केंद्र सरकारने ‘स्वयं’ हे ऑनलाइन कोर्सचं व्यासपीठ देशाला अर्पण केलं. विद्यापीठ अनुदान आयोगाने अशा कोर्समधून मिळवता येणाऱ्या श्रेयांकांची मर्यादा आधी सत्रातल्या वीस टक्के ठेवली होती, ती २०२१मध्ये चाळीस टक्क्यांपर्यंत नेली. पदवीचा एवढा मोठा हिस्सा पडद्यावरून मिळणार असेल, तर त्याच्या बांधणीची चौकशी करणं ही फक्त तज्ज्ञांची आवड राहत नाही.

‘स्वयं’च्या प्रत्येक कोर्सला चार अंगं असावी लागतात: व्हिडिओ, वाचायचं साहित्य, चर्चा आणि स्वतःची चाचणी. नियम म्हणून हे ठीक आहे. पण चारही अंगं हजर असली तरी विद्यार्थी फक्त पहिल्याशी गाठ ठेवून मोकळा होऊ शकतो. हजेरी एक आणि एकमेकांत गुंफण दुसरी.

ही गुंफण कशी करावी याचं एक उत्तर मुंबईत पवईला तयार झालं आहे. आयआयटी मुंबईच्या शैक्षणिक तंत्रज्ञान विभागातल्या सहाना मूर्ती, श्रीधर अय्यर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थी-केंद्री कोर्सचा आराखडा मांडला. त्यातला व्हिडिओ शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यातल्या संवादासारखा लिहिलेला असतो. शिक्षक काही मिनिटं समजावतात, एक प्रश्न विचारतात आणि म्हणतात, आता व्हिडिओ थांबवा, वहीत उत्तर लिहा, मग पुढे चला. पुढे आल्यावर ते थेट बरोबर उत्तर सांगून मोकळे होत नाहीत. तुम्ही बहुधा असं लिहिलं असेल, किंवा तसं. दोन्हींत काय बरं आणि काय कमी, ते उलगडतात. त्यानंतर लगेच सराव येतो, आणि चुकीच्या पर्यायालाही त्याचं कारण जोडलेलं असतं. जास्तीच्या वाचनावर छोटी चाचणी असते. चर्चेसाठी मोकळं रान न ठेवता एक नेमका प्रश्न असतो, आणि त्या चर्चेत काय निघालं यावरही पुन्हा प्रश्न असतात, म्हणून चर्चा न वाचता पुढे जाता येत नाही. श्पुनारच्या चाचण्या आणि कोडिंगरचे सराव इथे एकाच धड्यात भेटतात.

त्याच आवारातून कन्नन मौद्गल्य यांनी चालवलेला स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प त्याहून साध्या साधनांवर उभा आहे. दहा-दहा मिनिटांचे धडे, संगणकाचा पडदा जसा दिसतो तसाच चित्रित केलेला, त्यावर आवाज. आधी संहिता लिहायची, मग तो विषय अजिबात माहीत नसलेल्या माणसाकडून ती तपासून घ्यायची, आणि तो जिथे अडेल तिथे दुरुस्ती करायची. शिकणाऱ्याने अर्ध्या पडद्यावर व्हिडिओ लावायचा आणि अर्ध्यावर तेच सॉफ्टवेअर उघडून हाताने करत जायचं. मराठीसह भारतीय भाषांत फक्त आवाज बदलतो. पडद्यावरची इंग्रजी बटणं तशीच राहतात, कारण पुढे नोकरीत तीच बटणं समोर येणार. जिथे जाणकार शिक्षक मिळणार नाही अशा महाविद्यालयातला विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवून घेतलेला प्रत्येक निर्णय यात दिसतो. नवख्याकडून संहिता तपासून घेण्याची रीत तर प्रत्येक पाठ्यपुस्तक मंडळाने उचलावी अशी आहे.

उरतं ते आपल्या गावातलं, आपल्या महाविद्यालयातलं संशोधन. त्याला मोठा निधी लागत नाही. समजा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला संख्याशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापिकेने सहसंबंधावर वीस मिनिटांचा मराठी व्हिडिओ बनवला. हजेरीपटावरून चिठ्ठ्या टाकून वर्गाचे दोन गट करायचे. एकाला व्हिडिओ सलग द्यायचा आणि शेवटी मुद्द्यांचं टिपण वाचायला द्यायचं. दुसऱ्याला तोच व्हिडिओ चार ठिकाणी थांबवून, प्रत्येक ठिकाणी एक प्रश्न वहीत सोडवायला लावून द्यायचा. वेळ दोघांना सारखाच. चाचणी त्याच दिवशी घ्यायची आणि महिन्याने न सांगता पुन्हा घ्यायची, कारण त्याच दिवशीचा निकाल अनेकदा फसवा असतो. सोबत विचारायचं, की व्हिडिओ स्वतःच्या फोनवर पाहिला की घरातल्या कोणाच्या, एका बैठकीत की तुकड्यातुकड्यांनी, डेटा पुरला का. ज्यांना सलग व्हिडिओ मिळाला त्यांना सत्र परीक्षेआधी दुसरा देऊन टाकायचा, म्हणजे कोणाचं नुकसान नको. आणि फरक आढळला नाही तरी निकाल लिहून काढायचा, मराठीतून, वर्गाची पार्श्वभूमी सविस्तर देऊन, म्हणजे शेजारच्या तालुक्यातल्या प्राध्यापकाला तोच प्रयोग आपल्या वर्गावर करून दोन्ही निकाल शेजारी ठेवता येतील.